नागपुरात प्रवाळ पुनर्रोपणाचं प्रात्यक्षिक: खरं प्रवाळ वापरता येईल का, आणि तापमानवाढीचा भाग कसा दाखवायचा?

धरमपेठ_विज्ञानमंडळ

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या प्रदर्शनात बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या मुलांकडून 'तापणाऱ्या समुद्रात प्रवाळभित्ती पुन्हा उभी करणं' हा विषय मांडायचा आहे. रंगवलेलं थर्माकोल आणि भिंतीवर चार तक्ते, असं नको आहे. टेबलावर काहीतरी जिवंत, चालू हवं. अडचणी अशा:

१. मालवणहून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून प्रवाळाचा छोटा तुकडा आणून टाकीत ठेवला तर चालेल का?
२. समुद्रात प्रत्यक्ष लागवड करतात ती नेमकी कशी? सळयांची चौकट, केबल टाय वगैरे फोटो पाहिलेत, पण मापं आणि क्रम कुठे एकत्र सापडत नाही.
३. पाणी तापलं की लावलेलं प्रवाळही पांढरं पडणारच. मग हा उद्योग टिकतो कसा, असं परीक्षक विचारणारच. त्यांना आकड्यांत काय दाखवावं?

बजेट साधारण पंधरा हजार. प्रयोगशाळेत एसी नाही, कूलर आहे. तयारी आत्तापासून, म्हणजे एप्रिलपासूनच सुरू करायची आहे.

---

अनुसूची_एक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि ते 'शक्यतो नाही' असं समजू नका.

वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली भित्ती बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्री पंखे २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत तुकडा, किनाऱ्यावर वाहून आलेला मेलेला सांगाडा, शोकेसमधला शोभेचा तुकडा, कायद्याला सगळं सारखंच. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात, वर दंड. पूजेच्या दुकानांत 'इंद्रजाल' म्हणून चौकटीत लावून विकतात ते झुडूपही बहुतेक वेळा काळं प्रवाळ किंवा समुद्री पंखाच असतं, तेव्हा तेही मांडू नका. दरवर्षी कुणीतरी मांडतं.

शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी परवानगी कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देतात, पण अनुसूची १ च्या प्राण्यासाठी आधी केंद्र सरकारची मंजुरी लागते. ते कार्यालय तुमच्याच गावात आहे, सिव्हिल लाइन्सला, वनभवनात. मालवणच्या प्रवाळाची फाईलही नागपुरातच फिरते. पण ऑगस्टच्या प्रदर्शनासाठी ही वाट धरू नका, वेळेत होणार नाही.

परदेशातून आलेली कठीण प्रवाळं साइट्स करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत नमुन्यांची नोंदणी लागते. दुकानदाराकडे आयातीचे कागद मागा. नसतील तर तिथूनच परत या.

---

खारंपाणी_नागपूर

वरच्या दादांनी बरोबर सांगितलं. आता प्रवाळाशिवाय प्रवाळाचं काम कसं करायचं ते सांगतो.

ॲप्टेशिया नावाचा छोटा सी ॲनिमोन आहे. खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे त्याला शिव्या देतात, कारण दगडाबरोबर एक आला की महिन्याभरात पन्नास होतात. तुमच्यासाठी नेमका हाच गुण कामाचा. त्याच्या पेशींतही प्रवाळासारखंच सूक्ष्म शैवाल राहतं, पाणी तापलं की तेही बाहेर पडतं आणि प्राणी पांढरा होतो. जगभरच्या प्रयोगशाळा ब्लीचिंगचा अभ्यास करायला हाच वापरतात. तो कठीण प्रवाळांच्या गटात येत नाही. शहरात कुणाकडे खाऱ्या पाण्याची टाकी असेल तर फुकट मिळेल, वर आभारही मानतील.

पाणी. आरओ पाणी घ्या, शक्यतो पुढे डीआय काडतूस (उरलेसुरले क्षार काढणारं) लावलेलं, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्याजवळ. नळाचं पाणी नको. त्यातला क्लोरीन आणि क्षार दोन्ही घात करतात. मरीन सॉल्ट मिक्स लिटरमागे साधारण ३६ ग्रॅम. खायचं मीठ किंवा सैंधव चालत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण समुद्रासारखं नसतं. २० लिटरला ७२० ग्रॅम होईल. छोटा पंप लावून चोवीस तास ढवळू द्या, मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ, तपासा. रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्याने शून्यावर आणून भागत नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा. नाहीतर दोन-तीन पीपीटीचा फरक सहज राहतो.

मांडणी. एक लिटरच्या सहा काचेच्या बरण्या. तीन एका टबात, तीन दुसऱ्यात. टबात साधं पाणी, त्यात १०० वॉटचा हीटर आणि वेगळा तापमान कंट्रोलर. हीटर बरणीत घालू नका, टबातच. म्हणजे तिन्ही बरण्यांना सारखी ऊब मिळते आणि हीटर अडकला तरी प्राणी एकदम शिजत नाहीत. प्रत्येक बरणीत पाच ॲप्टेशिया, सगळे शक्यतो एकाच प्राण्यापासून वाढवलेले. पायाच्या चकतीचा दोन मिलिमीटरचा तुकडा ब्लेडने कापून वेगळा ठेवला की आठ-पंधरा दिवसांत नवा प्राणी उभा राहतो. समुद्रातल्या रोपवाटिकेत फांदी तोडून नवी वसाहत करतात त्याचंच हे टेबलावरचं रूप, तेव्हा ही पायरीही मांडणीत दाखवा.

आठवड्यातून दोनदा आर्टेमियाची (कोळंबीसारखा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) ताजी पिल्लं खाऊ घाला आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदला. उरलेलं खाणं सडून अमोनिया झाला की गार बरणीतलेही पांढरे पडतात, मग काहीच सिद्ध होत नाही.

तापवणं. दोन आठवडे सगळ्यांना २६ अंशांवर रुळू द्या. मग एका टबाचं तापमान रोज एक अंशाने वाढवा. ३२ वर काही वाण ढिम्म राहतात, ३३-३४ वर बहुतेकांचा रंग काही दिवसांत उतरतो. एका दिवसात २६ चे ३३ केले तर ब्लीचिंगआधी प्राणीच मरेल. उजेड बारा तास, दोन्ही टबांवर एकाच अंतरावरून एकच एलईडी पट्टी. हा मुद्दा बारीक वाटतो पण मोठा आहे. ब्लीचिंग उष्णता आणि प्रकाश मिळून घडवतात. गरम टब खिडकीकडे असेल तर तुम्ही उन्हाचा प्रयोग करून राहिले, तापमानाचा नाही.

मोजणं. रोज एकाच वेळी, एकाच एक्स्पोजरवर, शेजारी पांढरं कार्ड ठेवून फोटो. अंधारात निळ्या एलईडी टॉर्चचा उजेड टाकून पिवळ्या-नारिंगी फिल्टरमधून पाहिलं तर शैवालातलं हरितद्रव्य लाल चमकतं. ब्लीच झालेला प्राणी तिथे काळा दिसतो. प्रदर्शनात लोक इथेच थांबतील. आकडा हवा असेल तर शेवटी प्रत्येक बरणीतला एक प्राणी एक मिलिलिटर खाऱ्या पाण्यात नीट घोटा आणि रक्तपेशी मोजायच्या न्यूबॉअर चेंबरवर शैवाल मोजा. चार कोपऱ्यांच्या मोठ्या चौकोनांची सरासरी गुणिले दहा हजार, म्हणजे मिलिलिटरमागे पेशी. शैवालाच्या पेशी आठ-दहा मायक्रॉनच्या, तपकिरी, गोल. ४०० पट वाढवून ओळखायला सोप्या. प्राणी लहान-मोठे असतात, म्हणून आकडा तोंडाकडच्या चकतीच्या व्यासाशी जोडून मांडा.

प्रयोग संपला की उरलेले प्राणी उकळत्या पाण्यात. नाल्यात, तलावात काहीही सोडायचं नाही.

---

धरमपेठ_विज्ञानमंडळ

दादा, हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. एक शंका: आत्ताच दुपारी प्रयोगशाळेत ३६ अंश असतं. २६ चा टब २६ वर ठेवायचा कसा? कूलरसमोर ठेवला तर?

---

सागरगोटा

थंडाव्याचं खारंपाणी सांगतीलच. मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, प्रत्यक्ष लागवडीकडे.

तुकडा बांधणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे, आणि फोटो नेमके त्याचेच निघतात. खरं काम त्याआधी. तिथलं प्रवाळ मेलं कशाने, हे आधी ठरवा. गाळ, सांडपाणी, नांगर, जाळी, स्फोटाची मासेमारी यांपैकी जे कारण असेल ते अजून चालू असेल, तर लागवड करू नये. दुसरं, एक चौरस मीटरची चौकट टाकून पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, आपोआप उगवलेली प्रवाळं मोजा. भरपूर असतील तर तुमची गरज नाही, जागा स्वतःच भरून येते आहे. पिल्लं येतात पण सुट्ट्या तुटक्या तुकड्यांवर लोळून मरतात, अशी अवस्था असेल तर आधी तो तळ स्थिर करणं महत्त्वाचं. चौकटींचा मुख्य उपयोग तिथे होतो.

सगळ्यात चांगलं नोंदलेलं उदाहरण इंडोनेशियातल्या सुलावेसीचं. तिथे स्फोटांनी चुरा झालेल्या तळावर सहा पायांचे लोखंडी तारे बसवले. सळई साधारण दहा मिलिमीटरची, तारा सुमारे ९० सेंटिमीटर रुंद, गुडघ्याच्याही खाली येईल इतका बुटका. त्यावर रेझिनचा लेप आणि लेप ओला असतानाच वाळू, म्हणजे गंज थांबतो आणि प्रवाळाला पकडायला खरबरीत पृष्ठभाग मिळतो. एका ताऱ्यावर साधारण पंधरा तुकडे. तारे एकमेकांना बांधून शेकड्यांचं जाळं करतात आणि कडेचे तळात खिळतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत चार वर्षांत तिथली चुनखडी बांधण्याची गती शेजारच्या निरोगी भित्तीइतकी झालेली दिसली. मात्र लावलेल्या जाती बहुतेक फांद्यांच्या होत्या, आणि मोजणीच्या त्या काळात तिथे मोठी उष्णतेची लाट आली नव्हती. हे दुसरं वाक्य तक्त्यावर जरूर लिहा, बहुतेक जण गाळतात.

तुकड्यांचे नियम असे. आधी तळावर तुटून पडलेले जिवंत तुकडे उचला. ते तसेही मरणारच होते. तेवढ्याने भागलं नाही तरच उभ्या वसाहतीतून घ्या, आणि एका वसाहतीचा दहा टक्क्यांहून जास्त भाग तोडू नका. फांदीच्या जातीचा तुकडा पाच ते दहा सेंटिमीटर. त्याहून लहान असेल तर कापाची जखम भरेपर्यंत शैवाल चढतं. मोठा असेल तर लाटेने हलतो. मूळ वसाहती जितक्या वेगवेगळ्या तितकं बरं. कॅरिबियन प्रवाळांवरच्या एका जनुकीय अभ्यासानुसार दहा वसाहतींतून साधारण निम्मं वैविध्य हाती येतं, नव्वद टक्क्यांच्या वर जायचं तर पस्तीसेक वसाहती लागतात. एकाच झाडाची हजार कलमं लावली आणि ते झाड उष्णतेला कच्चं निघालं, तर हजारही एकाच आठवड्यात जातात.

वाहतूक समुद्राच्याच पाण्यात, सावलीत, तासाभराच्या आत. बांधताना दोन केबल टाय, एक बुडाशी, एक वर, आणि इतके घट्ट की बोटाने ढकललं तरी तुकडा हलू नये. लागवड फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: तुकडा डुगडुगतो, प्रत्येक लाटेला सळईवर घासतो, घासलेल्या जागी मांस जातं आणि तिथे शैवाल बसतं. नीट आवळला तर दीड-दोन महिन्यांत तो स्वतःच सळईवर पसरून चिकटतो आणि टाय झाकून टाकतो. टायची शेपटी कापायला विसरू नका, तीही घासते.

पहिला महिना दर आठवड्याला, पुढे महिन्यातून एकदा सफाई. ताठ ब्रशने सळईवरचं शैवाल आणि बार्नेकल (कवचाचे चिकटून बसणारे जीव) काढा, प्रवाळाला ब्रश लागू देऊ नका. ड्रुपेला नावाची छोटी गोगलगाय शोधून चिमट्याने काढा. फांदीच्या बुडापासून पांढरा पट्टा वर सरकताना दिसला तर ती तिथेच दडलेली असते. तो पट्टा पाहून नवखे 'ब्लीचिंग' लिहितात. फरक सोपा आहे: ब्लीच झालेल्या प्रवाळावर पारदर्शक मांस शिल्लक असतं, गोगलगायीने खाल्लेल्यावर उघडा सांगाडा.

गोल, दगडासारख्या जातींना हे लागू नाही. त्यांचे डायमंड ब्लेडच्या बँड सॉने एकेक सेंटिमीटरचे तुकडे करतात, सिरॅमिकच्या चकतीवर सायनोॲक्रिलेट जेलने (झटपट चिकटणारा गोंद) चिकटवतात आणि एकाच वसाहतीचे तुकडे दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर लावतात. ते पसरून एकमेकांना भेटले की लढत नाहीत, जुळून एक होतात. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड वॉन यांनी ही पद्धत रूढ केली. मालवणकडे हीच जास्त लागू पडेल, कारण तिथे गाळाचं पाणी सोसणाऱ्या गोल आणि पसरट जातीच जास्त. सुलावेसीचा तारा उचलून जशाचा तसा तिथे ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे हंगाम पावसाळा उतरल्यावरचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलं तर एप्रिल-मेच्या उष्णतेआधी पाच-सहा महिने मिळतात. फेब्रुवारीत लावलेला तुकडा कापाची जखम आणि उष्णता दोन्ही एकदम सोसतो.

गुजरातेत मिठापूरजवळ २०२० च्या जानेवारीत झूलॉजिकल सर्व्हे आणि वन विभागाने बायोरॉकची चौकट उतरवली. त्यात लोखंडातून अगदी कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडतात, मग पाण्यातला चुना सळईवर जमतो आणि प्रवाळाला तयार पाया मिळतो. कल्पना चांगली आहे, पण पाण्याचं तापमान त्याने कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यावर मांडणार असाल तर हे वेगळं लिहा.

---

चोवीस_कॅरेट_शंका

सगळं ठीक आहे, पण परीक्षकाच्या जागी मी असतो तर एवढंच विचारलं असतं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २०१८ च्या अहवालात दीड अंश वाढीला ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती जाणार आणि दोन अंशांना ९९ टक्क्यांहून जास्त, असं आहे. लागवडीचा मध्यम खर्च प्रकाशित आकड्यांत हेक्टरी चार लाख डॉलरच्या घरात. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात वर्षानुवर्षं लावलेलं प्रवाळ काही आठवड्यांत गेलं. दोनशे प्रकल्पांचे फोटो दाखवून ही बेरीज बदलते का?

---

सागरगोटा

बदलत नाही. उलट आणखी एक आकडा घ्या: २०२० मध्ये जगभरच्या प्रकल्पांचा एकत्र आढावा निघाला. त्यात लावलेल्या प्रवाळांचं सरासरी जगणं ६६ टक्क्यांच्या आसपास, पण साठ टक्के प्रकल्पांनी दीड वर्षाहून कमी काळ लक्ष ठेवलं होतं आणि मधल्या प्रकल्पाचा आकार अवघा शंभर चौरस मीटर. दीड वर्षात वाईट उन्हाळा आलाच नसेल तर तो ६६ टक्क्यांचा आकडा उष्णतेबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून उत्सर्जन कमी होणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला लागवड हा पर्याय नाही. पण 'मग काहीच नको' हेही त्यातून निघत नाही. फ्लोरिडातून जे शिकले ते हे की किती लावलं यापेक्षा काय लावलं, किती खोल लावलं आणि गरम आठवड्यांत त्याचं काय केलं, यावर जगणं ठरतं. तिथे पाण्यात तरंगत्या पीव्हीसीच्या 'झाडां'वर टांगलेली प्रवाळं काही ठिकाणी खोल नेली, काही जमिनीवरच्या टाक्यांत हलवली, आणि जनुकीय वाण त्यामुळे शिल्लक राहिले. सळईच्या जड चौकटीला ही सोय नाही. तापणाऱ्या जागी निदान मूळ साठा तरी हलवता येईल अशा बांधणीवर ठेवावा, असं माझं मत.

निवडीसाठी आता सीबॅस नावाची छोटी उष्णता-चाचणी वापरतात. चार टाक्या: एक तिथल्या सर्वात गरम महिन्याच्या सरासरीवर, बाकीच्या त्याहून ३, ६ आणि ९ अंश जास्त. तीन तासांत तापमान चढवायचं, तीन तास धरायचं, एका तासात उतरवायचं, मग अकरा तास अंधारात विसावा. एकूण अठरा तास. त्यानंतर फ्लुरोमीटरने शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता मोजतात आणि ती निम्म्यावर येते ते तापमान प्रत्येक वसाहतीसाठी काढतात. एकाच भित्तीवरच्या दोन वसाहतींत यात अंशभराचाही फरक निघू शकतो. मग कलमं वरच्या टोकाच्या वसाहतींची घ्यायची, तीही एक-दोनच नाही.

हाच फ्लुरोमीटर वनस्पतिशास्त्रवाले पानावरचा ताण मोजायला वापरतात. संत्री आणि कापसावर संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था तुमच्या शहरात आहेत, कॉलेजच्या पत्रावर एक दिवसाची मापं घेऊ देतील का विचारून पाहा. ॲप्टेशियावरही ते चालतं, फक्त मापाआधी प्राण्याला पंधरा-वीस मिनिटं अंधारात ठेवावं लागतं.

आणि फुकट काही मिळत नाही. उष्णता सोसणारं शैवाल (डुरुसडिनियम) पोसणारी प्रवाळं साधारण एक ते दीड अंश जास्त झेलतात, पण वाढ मंदावते. दीड अंशाने काही वर्षं मिळतात, कायमचा उपाय मिळत नाही.

---

तक्तेवाला

तिसऱ्या प्रश्नासाठी टाकीही लागत नाही, एक स्प्रेडशीट पुरते.

उपग्रहावरून ब्लीचिंगचा धोका 'डिग्री हीटिंग वीक' या मापात मोजतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेचे समुद्रपृष्ठाचे ५ किलोमीटर जाळीचे आकडे १९८५ पासून रोजचे, फुकट मिळतात. लक्षद्वीप, कच्छचं आखात, अंदमान अशा भागांच्या तयार फाइल्सही आहेत. आपल्या हैदराबादच्या इन्कॉइसचीही ब्लीचिंग-इशाऱ्याची स्वतंत्र सेवा आहे.

हिशोब असा. त्या जागेचा वर्षातला सर्वात गरम महिना, त्याची दीर्घकालीन सरासरी घ्या. समजा २९.० अंश (आकडे फक्त नमुन्याचे). रोजचं किंवा आठवड्याचं तापमान तिच्याहून किती वर आहे ते काढा. एक अंश किंवा जास्त वर असेल तरच तो फरक धरायचा, कमी असेल तर शून्य. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज म्हणजे ते माप. रोजचे आकडे वापरत असाल तर ८४ दिवसांची बेरीज भागिले सात.

आठवड्याची तापमानं २९.८, ३०.३, ३०.६, ३१.०, ३०.९, ३०.२, २९.७ अशी असतील तर फरक ०.८, १.३, १.६, २.०, १.९, १.२, ०.७. पहिला आणि शेवटचा एकाहून कमी, ते गळाले. उरलेल्यांची बेरीज ८.०. मुलं इथे हमखास सगळे सात आकडे जोडून ९.५ काढतात.

४ च्या पुढे ठळक ब्लीचिंग अपेक्षित, ८ च्या पुढे संवेदनशील जाती मरू लागतात. पूर्वी मोजपट्टी तिथेच संपायची. २०२३ मध्ये तिच्या वर आणखी पायऱ्या जोडाव्या लागल्या: १२, १६ आणि २०. वीसच्या पायरीला जवळजवळ सगळी भित्ती मरण्याचा धोका धरतात. २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या चौथ्या जागतिक ब्लीचिंगमध्ये जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंग घडेल इतकी उष्णता लागली.

प्रदर्शनात लक्षद्वीपची १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ ही चार वर्षं एकाच आलेखावर काढा. मग परीक्षकालाच विचारा: दोन शिखरांमधल्या वर्षांत फांदीचं प्रवाळ किती वाढेल? वर्षाला दहा सेंटिमीटर धरा. गोल जातींना वर्षाला एखादाच सेंटिमीटर. शंका साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या अंतरात आहे: लाटा जवळजवळ येत गेल्या की कुठली जात लावायची हे बदलतं, आणि एका मर्यादेपलीकडे कुठलीच लावून उपयोग होत नाही.

एक सूचना: बरणीतल्या प्रयोगाला हे माप लावू नका. ते त्या त्या जागच्या समुद्राच्या इतिहासावर बेतलेलं आहे, बरणीला इतिहास नाही.

---

खारंपाणी_नागपूर

गार ठेवण्याचं राहिलं होतं.

ताई/दादा, नागपुरात तापवायला पैसे लागत नाहीत, सगळा खर्च थंडाव्याचा. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे टबाच्या पाण्यावर साधा टेबल फॅन आडवा सोडला तर बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. कूलर मात्र नको. तो खोलीत ओलावा भरतो, आणि हवा ओली झाली की टबातून पाणी उडत नाही. एकाच खोलीत दोन्ही लावून लोक म्हणतात फॅनने काही होऊन नाही राहिलं. ३६ च्या खोलीत फॅनने ३२-३३ मिळेल, २६ नाही. बर्फाच्या बाटल्या टाकून तापमान दिवसातून चार वेळा वर-खाली होतं, त्याचाच ताण बसतो. पंधरा हजारांत चिलर बसणार नाही.

म्हणून कॉलेजात जिथे एसी असेल, सूक्ष्मदर्शकाची किंवा संगणकाची खोली, तिथे कोपऱ्यात एक टेबल मागा. खोली २५ वर, गार टबातही हीटर ठेवून २६ वर बांधा, गरम टब ३३ वर. खोलीपेक्षा दोन्ही टब थोडे गरम असले की हीटरच्या हातात नियंत्रण राहतं. रात्री एसी बंद करणार असतील तर आधीच सांगा. रात्रीचा एसी मिळत नसेल तर प्रत्यक्ष प्रयोग जुलैच्या पावसात ठेवा आणि आत्ता फक्त प्राणी वाढवा. वाढवायला २८-२९ अंश चालतात, त्यासाठी घरातली सगळ्यात गार खोली बघा.

बरण्यांवर झाकण सैल ठेवा आणि पाण्याची रेघ मार्करने ओढा. पाणी उडालं की रेघेपर्यंत आरओ पाणीच भरा, खारं नाही. मीठ उडत नाही, मागे राहतं. खारं भरत गेलात तर आठवड्यात गरम बरणी ४० पीपीटीवर जाते, आणि मग पांढरं पडलं ते उष्णतेने की मिठाने हे सांगता येणार नाही.

तापमान बरणीच्या आत मोजा. टब ३३ दाखवत असताना बरणीत ३२ असू शकतं. सगळे थर्मामीटर आधी कुटलेल्या बर्फाच्या पाण्यात शून्यावर तपासा. स्वस्तातले एकमेकांत अंशभर भांडतात. लाईट गेली तर टब दोन-तीन तास तग धरतात. त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर गरम टबावर जुनी चादर गुंडाळा आणि हवेसाठी बॅटरीचा एअर पंप हाताशी ठेवा, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

आणखी एक. दोन वेगळ्या लोकांच्या टाकीतून ॲप्टेशिया मिळाले तर दोन्ही वाण वेगळे वाढवा, सहाच्या जागी बारा बरण्या करा. एक वाण दुसऱ्याआधी पांढरा पडण्याची बरीच शक्यता आहे. पडला तर सागरगोटा साहेबांनी निवडीबद्दल जे लिहिलं ते टेबलावर दिसेल. नाही पडला तर दोन्ही एकाच मूळ प्राण्याचे असू शकतात, तेही लिहून टाका.